बिल मुलांच्या हाती द्या

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून एक ठरलेला सोहळा पार पडतो. १४ तारखेला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. सकाळी फेरी, मग शपथ, मग चित्रकला. बल्बच्या आत रोपटं, पृथ्वीच्या डोळ्यांतून आसवं, मेणबत्तीसारखा वितळणारा गोल, अशी शे-दीडशे चित्रं कलाशिक्षकांच्या कपाटात जाऊन पडतात आणि पंधरा तारखेपासून येरे माझ्या मागल्या. नेमक्या याच आठवड्यात आमचे एक ज्येष्ठ स्नेही, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, दरवर्षी न चुकता म्हणतात, ‘‘मुलांकडून वीज वाचवून घेणं हा पोरखेळ आहे. बंद करा तो.’’ मी त्यांना सर म्हणतो. यंदा त्यांना सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं आहे, कारण सरांसारखं बोलणारे आता शिक्षकखोल्यांत, पालकसभांत आणि संस्थाचालकांच्या बैठकांतही भेटू लागले आहेत.

सर हवेत बोलत नाहीत, म्हणून त्यांची बाजू आधी नीट मांडायला हवी. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॉटचं. ते पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला ४० हजार टनांहून जास्त कोळसा लागेल. त्यापुढे सातवी ‘ब’ने मधल्या सुट्टीत दिवे घालवले काय आणि न घालवले काय, कोण विचारतो? हा पहिला मुद्दा. दुसरा जास्त बोचरा आहे: मोठ्यांनी केलेलं मुलांच्या माथी मारलं जातंय. ‘कार्बन फूटप्रिंट’ मोजायचं गणित घरोघरी पोचवण्यात ब्रिटिश पेट्रोलियम ही तेलकंपनीच २००४च्या सुमारास पुढे होती, याची सर आठवण करून देतात. तेल उपसणारे ते, आणि हिशेब मात्र तुमच्या-आमच्या पोरांनी ठेवायचा. तिसरा मुद्दा, भारतात माणशी वीजवापर वर्षाला १३००-१४०० युनिटांच्या घरात, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. ज्या वर्गात एकच पंखा, तोही कुरकुरत फिरतो, तिथल्या मुलाला काटकसर शिकवायची की जास्त मागायला शिकवायचं? आणि शेवटी, वीज खरोखर वाचवायचीच असेल तर पंखे बदला, सेन्सर बसवा, मुलांना अभ्यास करू द्या.

यातला आकडा एकही खोटा नाही. निष्कर्ष तेवढा चुकतो.

कोळशाचा हिशेब मी सरांच्याही पुढे नेतो, कारण त्यांच्या बाजूने तोच सगळ्यात भक्कम आहे. वीस वर्गांची एक शाळा धरू. प्रत्येक वर्गात ७५ वॅटचे चार जुने पंखे आणि २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब, म्हणजे ३८० वॅट. प्रार्थना, मधली सुट्टी, खेळाचा तास मिळून दिवसातला एक तास वर्ग रिकामा आणि पंखे गरगरत असतात असं मानलं, तर वीस वर्गांचे दिवसाला साडेसात युनिट होतात. शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला १५००. एका युनिटला साधारण ६००-७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे वाचला एक टन. राज्यात शाळा लाखभर आहेत, पण बहुतेक गावातल्या, दोन-चार खोल्यांच्या. त्या सगळ्यांना वीस वर्गांची मानण्याची उदारता दाखवली तरी चंद्रपूरची दोन-अडीच दिवसांची भूक भागेल. कोळसा वाचतो म्हणून दिवे घालवा, असं कुणी मुलांना सांगत असेल तर तो त्यांना फसवतोय. इथवर सर आणि मी एका बाकावर.

पण तेच १५०० युनिट बिलाच्या बाजूने बघा. सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांच्या आसपास पडलं तर पंधरा हजार रुपये झाले. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटसंख्येनुसार वर्षाला दहा हजारांपासून एक लाखापर्यंत असतं. खडू, झाडू, नळाची दुरुस्ती, प्रयोगशाळेतलं फुटकं काचसामान, वीजबिल, सगळं त्यातच भागवायचं. सगळ्यात मोठ्या अनुदानातूनसुद्धा पंधरा हजार काढून बाजूला ठेवले तर मुख्याध्यापकांचा चेहरा कसा होतो ते बघा. चंद्रपूरला जी रक्कम धुळीइतकी, ती या शाळेला वर्षभराची वाचनालयाची पुस्तकं आहे. मोजायचं कशाशी, हे आधी ठरवायला हवं होतं. सरांनी शाळेचा तराजू सोडून थेट वीजकेंद्राचा काटा उचलला.

मग वीज वाचवा सांगणाऱ्या फलकांवर काय असतं? सरांचा राग माझाही आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची राष्ट्रीय चित्रकला स्पर्धा २००५पासून चालू आहे, आणि चित्रं काढायला माझा विरोध नाही. पण चित्रात काय वाचवायला सांगतात? ‘मोबाइलचा चार्जर काढून ठेवा.’ आजचा बरा चार्जर रिकामा असताना अर्ध्या वॅटहूनही कमी घेतो. वर्षभर भिंतीत तसाच राहू दिला तरी साडेचार युनिटांच्या आत. रिकाम्या वर्गातले चार पंखे शनिवार-रविवार विसरले तर त्याच्या कितीतरी पट जळतात. ‘पंखा हळू फिरवा’ हा दुसरा सल्ला. भिंतीवर जुना ठोकळेबाज रेग्युलेटर असेल तर हळू फिरवून वाचलेली बरीचशी वीज तो रेग्युलेटर स्वतःच तापवून खातो. नवा इलेक्ट्रॉनिक असेल तर खरोखर वाचते. म्हणजे सल्ला खरा की खोटा हे भिंतीवरच्या डबीवर ठरतं, आणि ती डबी कुणी बघत नाही. मोघम उपदेशाचं असंच होतं. त्याहून वाईट म्हणजे छातीला बिल्ला लावलेले ‘वीज मॉनिटर’, जे फळ्यावर गुन्हेगारांची नावं लिहितात. मुलांना मुलांवर पाळत ठेवायला लावणारा कार्यक्रम उद्या बंद पडला तर मी पेढे वाटीन.

हे सगळं सरांना देऊन टाकलं. आता उरतं ते बघू.

शाळेच्या जिन्याखाली किंवा फाटकाजवळ लोखंडी पेटीत मीटर असतो. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी बारीक अक्षरांत एक आकडा असतो, बऱ्याच मीटरांवर ३२००. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. शनिवारी सकाळची शाळा सुटली, सगळे वर्ग बंद केले आणि एकाच वर्गातले चार पंखे, चार ट्यूब चालू ठेवल्या, तर मिनिटाला साधारण वीस लुकलुका मोजता येतात. ट्यूब घालवा, सोळावर येतात. एकेक पंखा बंद करत जा, चार-चार कमी होतात. आठवीच्या मुलाला वॅट आणि युनिट यांतला फरक कळायला याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही. त्याला ना खर्च, ना उपकरण. घड्याळ आणि डोळे पुरतात. पेटीला हात लावायचा नाही, काचेतून बघायचं, एवढी ताकीद मात्र पहिल्यांदा द्यायची.

याच मुलांनी शनिवारी दुपारी मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि सोमवारी प्रार्थनेआधी पुन्हा वाचला की खरी मौज सुरू होते. शाळा रिकामी होती, तरी आकडा पुढे सरकलेला असतो. एका तालुक्याच्या गावी हे चालू असताना मी हजर होतो. दोन्ही आकडे फळ्यावर मांडून झाल्यावर एका मुलीने वळून विचारलं, ‘‘सर, मग रविवारी शाळेत कोण होतं?’’ तिच्या प्रश्नावर वर्ग हसला, पण शोध लागला. पाण्याचा कूलर दोन रात्री कुणासाठी नाही, तरी पाणी थंड करत होता. संगणक कक्षातला यूपीएस चालूच. व्हरांड्यातल्या ट्यूब. आणि पंप, जो टाकी भरून वाहू लागल्यावरही कुणाला तरी आठवेपर्यंत चालत असे. एक अश्वशक्तीचा पंप तासाला एक युनिटच्या आसपास घेतो, आणि वाहून गेलेलं पाणी वेगळंच. यातल्या एकाही गोष्टीचं चित्र चित्रकला स्पर्धेत येत नाही. कूलरला रडणारे डोळे काढता येत नाहीत ना.

मीटरनंतर बिल. महावितरणचं बिल हा मराठीतला बहुधा सगळ्यात जास्त घरांत पोचणारा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा मजकूर असेल. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, थकबाकी, व्याज. दिवे घालवून यातलं काय कमी होतं आणि काय होत नाही? स्थिर आकार तुम्ही अंधारात बसलात तरी द्यायचाच आहे. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग यांची वजाबाकी बरोबर आहे का? ‘गुणक अवयव’ एक आहे की आणखी काही? शाळांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ हा वेगळा दरवर्ग आहे; बिलावर तोच छापलाय की वाणिज्यिक, दुकानाचा? मे महिन्यात शाळेला कुलूप असताना ‘सरासरी’ म्हणून फेब्रुवारीइतके युनिट कसे लागले? हे प्रश्न नववीच्या मुलाला पडू शकतात आणि तो त्यांची उत्तरं शोधू शकतो. पण त्यासाठी बिल त्याच्या हातात पडायला हवं, आणि आपल्याकडे बिल लिपिकाच्या टेबलावरून थेट फायलीत जातं.

जिल्हा परिषदेच्या किती शाळांची वीज थकबाकीपायी तोडली गेली याच्या बातम्या आपण दर दोन-तीन वर्षांनी वाचतो. डिजिटल वर्गाचा पडदा भिंतीवर आणि मीटरची वायर काढलेली, ही दृश्यं काही नवी नाहीत. सर विचारतात, जिथे वीजच नाही तिथे मुलं वाचवणार काय? मी म्हणतो, तिथेच बिल वाचता येणारी मुलं सगळ्यात जास्त हवीत. थकबाकीत मूळ किती आणि व्याज किती, सरासरीचे महिने किती, ते पैसे कुणी भरायचे होते, ग्रामपंचायतीने की जिल्हा परिषदेने, असा कागद ग्रामसभेत वाचून दाखवायला सातवीतली पोरगी उभी राहिली की सरपंचाला ‘बघू’ म्हणून सुटता येत नाही.

म्हणूनच ‘मुलांच्या माथी मारलं जातंय’ हा आक्षेप अर्ध्यावर लंगडतो. फलकांच्या कार्यक्रमात तसं होतं, मान्य. तिथे मूल फक्त अपराधी असतं. पण बिल वाचणाऱ्या मुलाचा पुढचा प्रश्न हटकून वरच्या दिशेने जातो. आमच्या वर्गात पंखे जुने, मग कार्यालयातला एसी १८वर का? ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमानुसार २०२०पासून खोलीचे एसी २४ अंशांवर लावूनच विकायला येतात आणि एकेक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हे मुलांना कळलेलं असतं. खरं सांगायचं तर पोरखेळ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांपैकी निम्म्यांची खरी अडचण हीच असते. सरांची नाही, ते आयुष्यभर पंख्याखाली बसले. पण संस्थाचालकांच्या बैठकीत ‘मुलांवर ओझं नको’ असा कळवळा अचानक दाटून येतो तेव्हा मी आधी भिंतीवर बघतो, रिमोट कुणाजवळ आहे ते.

मुलांचा प्रश्न एसीपाशी थांबत नाही. एका टन कोळशातून तीन-चारशे किलो राख निघते, आपला कोळसाच तसा. ती राख कुठे जाते? जुलै २०२२मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत आणि नदीत शिरलं. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ नावाचा धडा आहे. त्यात औष्णिक वीज कशी होते ते आकृतीसह शिकवलं जातं. शाळेच्या मीटरवरचा एक टन आणि खसाळ्याची राख या दोन टोकांना जोडणारा धागा ज्या मुलाला दिसला, तो मोठ्यांवरची जबाबदारी विसरेल हे मला पटत नाही. तेलकंपनीने हिशेब शिकवला म्हणून हिशेबच टाकून द्यायचा, हा तर न्यायच उफराटा. मुंबईत टाटा पॉवरने २००७मध्ये शाळांत ‘क्लब एनर्जी’ सुरू केला तेव्हाही लोक म्हणाले, वीज विकणारेच वाचवायला सांगतात, यात पाणी मुरतंय. मुरत असेलही. ऐन गर्दीच्या वेळची वीज कंपनीला महाग पडते, ती वाचली तर तिचा फायदा. त्याने मुलांच्या आकडेमोडीत काय बिघडतं?

आता सरांचा तिसरा मुद्दा, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त आदर आहे. कमी वीज असलेल्या देशात गरिबाच्या मुलाला कमी वापरायला शिकवू नका. बरोबर. आणि म्हणूनच शाळेत एक नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायला हवा: बसलेल्या मुलाच्या डोक्यावरचा पंखा बंद करायचा नाही, वाचणाऱ्याच्या वहीवरचा दिवा बंद करायचा नाही. विदर्भात उन्हाळ्यापायी शाळा जूनच्या अखेरीस भरतात, तेव्हाही वर्ग भट्टीसारखा तापलेला असतो. तिथे ‘वीज वाचवा’ म्हणून पंखा घालवणाऱ्या गुरुजींना मी सरांच्या हवाली करायला तयार आहे. पण रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कुणा गरिबाच्या वाट्याला येत नाही. तो फक्त त्याच्या शाळेच्या अनुदानातून वजा होतो.

आणि काटकसर ही गरिबाला शिकवायची गोष्ट नाही म्हणताना सर आपल्याच राज्यातला एक अनुभव विसरतात. २००५च्या सुमारास भारनियमनाने गावं जेरीस आली होती. बारा-बारा तास वीज नाही, परीक्षेच्या दिवसांत पोरं कंदिलापाशी. तेव्हा महावितरणने ‘अक्षय प्रकाश’ नावाची योजना आणली. गावाने एकमताने ठरवायचं की संध्याकाळी शेतीपंप आणि मोठी यंत्रं बंद ठेवू, घरात दिवे-पंखे-टीव्हीपुरतीच वीज वापरू. त्या बदल्यात संध्याकाळचं भारनियमन नाही. ज्या गावांनी ते पाळलं त्यांच्या घरात रात्री उजेड राहिला. ही सक्ती नव्हती, उपदेशही नव्हता. सरळ देवाणघेवाण होती: तुम्ही हे सोडा, तुम्हाला ते मिळेल. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे होत गेले आणि तिची गरज सरली. पण शेतकऱ्याने पंपाचं बटण दाबायच्या आधी शेजाऱ्याच्या पोराची परीक्षा आठवावी, हे काम कुठल्या फलकाने केलं नसतं. ते केलं मोबदल्याने.

आपल्या शाळांच्या ऊर्जाबचतीत नेमकी हीच गोष्ट गायब आहे. मुलांनी दिवे घालवायचे, बिल कमी व्हायचं, आणि वाचलेला पैसा? खाजगी शाळेत तो संस्थेच्या खात्यात विरून जातो. सरकारी शाळेत तर गंमतच आहे. खर्च कमी झाला तर रक्कम मार्चएंडला अखर्चित म्हणून परत जायची, आणि पुढच्या वर्षी ‘तुमचा खर्चच कमी आहे’ म्हणून हात आखडता. म्हणजे वाचवणाऱ्याच्या तोंडाला पानं पुसली जातात आणि उधळणाऱ्याचं बरं चालतं. मुलं मूर्ख नसतात. जानेवारी संपेपर्यंत त्यांना हे कळतं, आणि उत्साह ओसरतो. त्या ओसरलेल्या उत्साहाकडे बोट दाखवून सर म्हणतात, बघा, पोरखेळ.

जर्मनीत हॅम्बुर्ग शहराने १९९४मध्ये याच गाठीवर बोट ठेवलं. तिथल्या शाळांची वीज-उष्णतेची बिलं शहर भरतं. शहराने शाळांना सांगितलं, मुला-शिक्षकांच्या सवयींमुळे जेवढं वाचेल त्यातलं निम्मं तुमचं, हवं तसं खर्च करा, निम्मं आमचं. योजनेचं नावच ‘फिफ्टी-फिफ्टी’. मग मुलांचे गट थर्मामीटर घेऊन वर्गावर्गांतलं तापमान मोजू लागले, कुठली खिडकी हीटर चालू असताना उघडी राहते ते टिपू लागले. पुढे २००९पासून युरोपीय संघाच्या पैशातून हीच पद्धत इतर देशांतल्या शाळांत गेली. आपल्याकडे हीटर नाही, पंखा आहे. तिथलं तापमानाचं वेड इथे आणायची गरज नाही. आणायचा तो करार. बिल भरणारा आणि वीज वापरणारा वेगळा असेल तर बचतीचा वाटा वापरणाऱ्याला मिळाला पाहिजे, हे हॅम्बुर्गला कळलं. अक्षय प्रकाशच्या गावांनाही ते कळलं होतं. शिक्षण विभागाला अजून कळायचं आहे.

राहिला पंखे बदलण्याचा मुद्दा. इथेही सरांचं गणित बिनचूक आहे. ७५ वॅटचा पंखा काढून तीसेक वॅटचा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा, पंखा बसवला तर पंख्यामागे ४५ वॅट वाचतात. आपल्या वीस वर्गांच्या शाळेत ८० पंखे, रोज पाच तास, २०० दिवस: ३६०० युनिट. म्हणजे मधल्या सुट्टीत बटणं दाबून जेवढं वाचतं त्याच्या दुपटीहून जास्त, आणि कुणाला काही लक्षात ठेवायला नको. पंखा अडीच-तीन हजारांचा, ८० पंख्यांचे दोन-सव्वादोन लाख, सहा वर्षांत वसूल. पण मी सरांना विचारतो, हे गणित तुमच्या शाळेत कुणी केलं? संस्थेने? शिक्षणाधिकाऱ्यांनी? एलईडी बल्ब २०१५नंतर ‘उजाला’ योजनेतून स्वस्त झाले आणि घरोघरी गेले. पंख्यांवर स्टार लेबल २०२३पासून सक्तीचं झालं. तरी शाळांच्या छताला तेच जुने पंखे लटकलेत, कारण ते बदलण्याची मागणी करणारं कुणी नाही. मी वर जे गणित केलं ते नववीच्या पाठ्यपुस्तकापलीकडे जात नाही. ते मुलांनी करावं, आधी कुठल्या वर्गांचे पंखे बदलायचे याची यादी लावावी (सगळ्यात जास्त तास चालणारे आधी, प्रयोगशाळेतले शेवटी) आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावं. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. स्वतःच्या लेकीने मांडलेला हिशेब कुठला बाप फेकून देतो ते मला बघायचं आहे. छतावर सोलर बसवलं तरी हेच. पॅनेलवर धूळ साचून महिन्याचे युनिट घटले हे ठेकेदार सांगायला येत नाही. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा रोज वहीत उतरवणारी मुलं सांगतात.

शिक्षकांवरचं ओझं मी हसण्यावारी नेणार नाही. निवडणूक, सर्वेक्षणं, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, यातून त्यांना शिकवायला वेळ मिळतो हेच नवल. म्हणून नवा उपक्रम, नवं अहवाल-रजिस्टर, नवं ‘फोटो अपलोड करा’ काहीही नको. महिन्यातून एक तास, तोही गणिताचा किंवा विज्ञानाचा. दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यात युनिट मोजायची उदाहरणं असतातच. त्यांत पुस्तकातल्या काल्पनिक घराऐवजी शाळेचं बिल घाला, एवढंच. फेरीचा, शपथेचा आणि बक्षीस समारंभाचा वेळ मोकळा केला तर हा तास त्यातूनच निघतो.

सरांचा एक आक्षेप परवा नव्याने आला: पैशाची लालूच दाखवून मुलांना वीज वाचवायला शिकवणं संस्कारांच्या दृष्टीने वाईट. मला यात लालूच दिसत नाही. पैसा कुणा एकाच्या खिशात जात नाही, शाळेत राहतो. आणि तो कशावर खर्चावा, दोन पंखे की क्रिकेटचं किट की मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, यावर मुलांनी भांडावं हेच मला हवं आहे. शासनाने करायचं ते एका ओळीत मावतं: मागच्या वर्षीपेक्षा वीजबिलात जी बचत होईल तिच्यातलं निम्मं त्या शाळेकडेच राहील आणि पुढच्या वर्षीच्या अनुदानातून कापलं जाणार नाही. ती ओळ निघेपर्यंत थांबायचं कारण नाही. खाजगी संस्थांना तर कुणाच्या आदेशाचीही गरज नाही.

आणि सरांना एक विनंती. पुढच्या महिन्यात जवळच्या कुठल्याही शाळेच्या वीजबिलाची झेरॉक्स घेऊन नववीच्या वर्गात या. वहन आकार म्हणजे काय, स्थिर आकार का द्यावा लागतो, हे तुमच्याइतकं चांगलं समजावून सांगणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. पोरखेळ वाटला तर तास अर्ध्यावर सोडून निघून जा, मी फाटकाशी रिक्षा थांबवून ठेवतो.